ठराव आणि त्याचा अंमल : महाड नगरपालिकेच्या एका निर्णयाचा अभ्यास

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

स्थानिक स्वराज्य संस्थांवरचा धडा आपण सर्वांनी शाळेत वाचलेला आहे. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सभासदसंख्या, आवश्यक व ऐच्छिक कर्तव्ये अशी उत्तरे पाठ करून आपण गुण मिळविले आणि पुढच्या इयत्तेत गेलो. नगरपालिकेच्या सभागृहात नेमके काय घडते, तेथे मांडलेल्या सूचनेचे पुढे काय होते, हे जाणून घेण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. मलाही ती वाटली नसती. परंतु एका नळाच्या निमित्ताने मला या विषयाकडे वळावे लागले. तो प्रसंग प्रथम सांगतो, म्हणजे पुढील विवेचन मी का करीत आहे ते ध्यानात येईल.

मी अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत सार्वजनिक नळ नव्हता. बायका पलीकडच्या आळीतल्या हापशावरून पाणी आणीत. उन्हाळ्यात हापसा कोरडा पडला की पहाटे चारपासून टँकरची वाट पाहावी लागे. आई आणि शेजारच्या मावशींनी पुढाकार घेऊन साठ-सत्तर घरांच्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेत दिला. काही महिन्यांनी तो विषय सर्वसाधारण सभेपुढे आला. आईबरोबर मीही प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो. विषय वाचला गेला, एका सदस्यांनी सूचना मांडली, दुसऱ्यांनी अनुमोदन दिले आणि "मंजूर, मंजूर" असे आवाज उठले. सारे मिळून दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. बाहेर आल्यावर आमच्या प्रभागाचे सदस्य आईला म्हणाले, "ताई, झालं बघा तुमचं काम. ठराव पास!" त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले गेले.

या गोष्टीला तीन वर्षे उलटली. नळ आला नाही.

गेल्या वर्षी आमच्या सरांनी अभ्यासप्रकल्पासाठी विषय निवडावयास सांगितले, तेव्हा मी थोड्या रागानेच म्हणालो, "सर, ठराव हा कागदाचा तुकडा असतो, असा विषय घेऊ का?" सर हसले नाहीत. ते म्हणाले, "निष्कर्ष आधी ठरवून अभ्यास करू नये. महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाचे काय झाले ते वाच. मग बोलू." प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा सारांश आहे.

ठराव म्हणजे काय?

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करून घेतल्या पाहिजेत. सभेपुढे येणारा प्रत्येक विषय प्रथम विषयपत्रिकेवर यावा लागतो. त्यावर एखादा सदस्य सूचना मांडतो आणि दुसरा तिला अनुमोदन देतो. कोणास ती जशीच्या तशी मान्य नसेल तर तो उपसूचना मांडतो. चर्चेनंतर एकमताने अथवा बहुमताने जी गोष्ट संमत होते तिला ठराव म्हणतात आणि तिची नोंद सभेच्या कार्यवृत्तात होते. म्हणजे सूचना एका व्यक्तीची असते. ठराव मात्र संपूर्ण संस्थेचा होतो. ज्यांनी विरोधी मत दिले त्यांनाही तो बांधून घेतो.

परंतु सर्व ठराव एकाच जातीचे नसतात. काही ठराव शिफारशीचे असतात : 'अमुक गोष्ट व्हावी असे या सभेचे मत आहे.' काही अनुमतीचे असतात : 'अमुक गोष्ट करण्यास हरकत नाही.' काही ठराव कृतीचे असतात : 'अमुक अधिकाऱ्याने अमुक रकमेतून अमुक काम अमुक मुदतीत करावे.' पहिल्या दोन प्रकारांत संस्थेची इच्छा व्यक्त होते. तिसऱ्यात संस्था स्वतःला कामाला जुंपून घेते. हा फरक पुस्तकात एका ओळीचा वाटतो. महाडच्या उदाहरणात त्याची किंमत माणसांनी डोकी फुटेपर्यंत मोजली.

मुंबईच्या कौन्सिलातील ठराव

या कथेचा आरंभ महाडमध्ये होत नाही. तो मुंबई कायदेमंडळात होतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले अथवा चालविलेले, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना करू द्यावा, अशी त्या ठरावाची शिफारस होती. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याची सूचना दिली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हा ठराव शिफारशीचा होता. गावोगावच्या विहिरी आणि तळी ज्यांच्या ताब्यात होती त्या नगरपालिका आणि लोकलबोर्डे होत. सरकारने त्यांच्याकडे बोट दाखविले, आणि त्यांतील बहुतेकांनी डोळे मिटून घेतले. म्हणूनच तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकलबोर्डे यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. पहिला ठराव सदिच्छेवर विसंबला होता. दुसऱ्याने पैशाच्या नाडीवर बोट ठेवले. हे पाऊल टाकावे लागले यातच पहिल्या ठरावाचे काय झाले होते ते दिसून येते.

महाडचा ठराव

ज्या थोड्या संस्थांनी बोले ठरावाची दखल घेतली त्यांत महाडची नगरपालिका होती. महाड हे त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, सावित्री नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण. गावात चार-पाच एकरांचे चवदार तळे आहे. पावसाचे पाणी आणि आतले जिवंत झरे यांवर ते भरते. तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते होते आणि त्यांपलीकडे मुख्यतः सवर्ण हिंदूंची घरे होती; काही घरे मुसलमानांचीही होती. मुसलमानांना त्या पाण्याची बंदी नव्हती. बंदी होती ती फक्त अस्पृश्यांना.

आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्यांना महाडला यावे तर लागेच. कोणी बाजाराला येई. कोणी गावकामगार म्हणून पाटील-कुलकर्ण्यांचे कागद तालुक्याच्या कचेरीत पोचवावयास किंवा गावाचा वसूल भरावयास येई. सरकारचे पैसे डोक्यावरून वाहून आणणाऱ्या माणसाला सरकारी कायद्याने स्थापन झालेल्या नगरपालिकेच्या तळ्यावर ओंजळभर पाणी पिता येत नसे. उन्हाची चाल करून आलेल्या त्या माणसाने काय केले असेल, याची कल्पना पहाटे टँकरपुढे घागर घेऊन उभ्या राहिलेल्या कोणालाही करता येईल. आणि तरीही ती अपुरीच ठरेल, कारण आम्हांला पाणी मिळत नव्हते ते पाणी नव्हते म्हणून. त्यांच्यासमोर तळे भरलेले होते.

५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव केला, की हे तळे अस्पृश्यांना वापरू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सुधारणावादी विचारांचे होते आणि पुढील लढ्यातही ते उघडपणे अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या काळात कोकणातल्या एका लहान गावाच्या नगरपालिकेने असा ठराव करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पण ठरावातील शब्द पाहा. 'हरकत नाही.' वर सांगितलेल्या प्रकारांपैकी हा दुसरा, अनुमतीचा ठराव होय. यात कोणी काय करावे हे सांगितलेले नाही. पाणी भरावयास आलेल्या माणसाला कोणी अडविले तर त्याचे रक्षण कोण करणार याची तरतूद नाही. नगरपालिकेने दार उघडले असे जाहीर केले. दारात उभ्या असलेल्या माणसांना बाजूला करण्याचे काम मात्र तहानलेल्यावरच सोपविले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. सवर्णांच्या रोषाच्या भीतीने तीन वर्षांत अस्पृश्यांपैकी कोणी तळ्याला हात लावू शकले नाही.

ठरावाला पाय फुटले

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षाच्या आरंभी ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद म्हणून काम पाहू लागले होते. परिषदेच्या तयारीत रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर निळकंठ सहस्रबुद्धे अशी मंडळी होती. हजारो माणसे खेड्यापाड्यांतून चालत आली. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात दिलेला एक तपशील मला विसरता येत नाही : परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे जवळच होते, ते खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात होता, आणि पाणी विकत आणले जात होते!

परिषद संपता संपता, २० मार्च रोजी, अनंतराव चित्रे यांनी सूचना मांडली की, नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केलेलाच आहे, तेव्हा आता सर्वांनी मिळून तळ्यावर जाऊन त्याची अंमलबजावणी करावी. मला ही सूचना फार अर्थपूर्ण वाटते. तिच्यात नवे काही मागितलेले नाही. जे संमत झालेले आहे तेच करावयाचे आहे. एका सभागृहाने केलेला ठराव दुसऱ्या, उघड्या मैदानावरच्या सभेने हाती घेतला. रांगेने मिरवणूक निघाली. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ते प्याले. त्यांच्या मागोमाग इतरांनीही ते प्राशन केले. शांतपणे लोक मंडपात परतले.

पुढचे सर्वज्ञात आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई गावात उठविण्यात आली. जमावाने मंडपात आणि रस्त्यांत परतणाऱ्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. अनेकजण जखमी झाले. प्रतिकार करण्याची ताकद असलेली माणसे तेथे पुष्कळ होती, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे पाच हल्लेखोरांना प्रत्येकी चार महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्याची 'शुद्धी' करण्यासाठी गोमय, गोमूत्र, दूध, दही यांचे एकशेआठ घडे मंत्रघोषात पाण्यात ओतण्यात आले. ज्या पाण्यात हे सारे ओतले ते पिण्यास योग्य, आणि माणसाच्या ओंजळीने मात्र ते बाटलेले, असा तो हिशेब होता.

ठराव रद्द

आता आपण पुन्हा नगरपालिकेच्या सभागृहात येऊ. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोले ठराव संमत झाला ती तारीख ४ ऑगस्ट १९२३ होती. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेस, एका नगरपालिकेने उलट्या दिशेने पाऊल टाकले. हा केवळ योगायोग आहे, हे मला मान्य आहे. परंतु अभ्यासकाला तो थांबून विचार करावयास लावतो.

ठराव जोवर निरुपद्रवी होता तोवर तो दप्तरात सुखाने नांदत होता. साडेतीन वर्षे कोणास तो रद्द करण्याची निकड भासली नाही. ज्या दिवशी लोकांनी तो खरा मानला त्या दिवशी तो धोकादायक ठरला आणि काही महिन्यांतच पुसून टाकला गेला. याचा अर्थ काय? माझ्या मूळ विधानाचे उत्तर येथे आहे. ठराव हा निव्वळ कागदाचा तुकडा असता, तर तो रद्द करण्यासाठी सभा कशाला भरवावी लागली असती? कागदाच्या तुकड्याला कोणी घाबरत नाही. विरोधकांना त्या ठरावाचे बळ समर्थकांइतकेच, कदाचित अधिक, कळले होते.

पण दुसराही अर्थ आहे, आणि तो तितकाच महत्त्वाचा. बहुमताच्या ठरावाने दिलेला हक्क बहुमताच्या ठरावाने काढून घेता येतो. आज अध्यक्ष उदार असेल. उद्या सभागृहाचे मन फिरेल. तहानलेल्या माणसाने आपली ओंजळ कोणाच्या हात वर होण्यावर किती काळ अवलंबून ठेवावी?

न्यायालयाच्या दारी

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी पुन्हा परिषद बोलाविण्यात आली. तत्पूर्वीच, १२ डिसेंबर रोजी, महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दावा लावला, आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबर रोजी परिषद भरली. त्याच दिवशी सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्याच्या प्रश्नावर मात्र मोठा पेच होता. लोक तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. बाबासाहेबांनी मनाई हुकूम मोडू नये असा सल्ला दिला आणि सत्याग्रह तहकूब करण्यात आला. हजारो माणसे तळ्याच्या इतक्या जवळ येऊन पाण्याला न शिवता परत गेली. स्वतःच्या बाजूने न्याय आहे असे वाटत असताना न्यायालयाच्या हुकमापुढे थांबणे, हे मला पाणी पिण्याइतकेच अवघड कृत्य वाटते.

दाव्याचा निकाल मुळीच लवकर लागला नाही. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने तो डॉ. आंबेडकरांच्या बाजूने दिला. वादींनी ठाण्यास अपील केले. ते जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी ते अपील फेटाळले. २० मार्च १९२७ पासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी होते.

या निकालाचा आधार काय होता, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे आणि तिला कायद्याचे बळ आहे. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, ते वादींच्या खाजगी मालकीचे नाही, ही गोष्ट खालच्या न्यायालयांतच सिद्ध झाली होती. उरला प्रश्न रूढीचा. दीर्घकाळचा प्रघात वेगळा आणि कायद्याने मानावी अशी अनादि, निश्चित रूढी वेगळी. ती रूढी वादींना सिद्ध करता आली नाही.

येथे ठरावाचे स्थान कोणते? १९२४ चा ठराव तर केव्हाच रद्द झाला होता. परंतु तो रद्द केल्याने तळ्याची मालकी बदलली नव्हती. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सर्व नगरवासीयांचे होते. सभागृहाचे मन फिरले तरी ते कोण्या एका आळीचे होऊ शकत नव्हते. ठराव गेला, पण ज्या पायावर तो उभा होता तो पाया राहिला, आणि त्या पायावरच निकाल झाला.

ठरावापासून घटनेपर्यंत

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात म्हटले आहे की, सर्वस्वी किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध असणार नाही. ही वाक्ये मी पूर्वी परीक्षेसाठी पाठ केली होती. आता बोले ठराव शेजारी ठेवून ती वाचली, तेव्हा दोहोंतील नाते स्पष्ट दिसले. १९२३ साली जी शिफारस होती ती १९५० साली हक्क झाली. मधल्या सत्तावीस वर्षांत एक ठराव, त्याचे रद्द होणे, फुटलेली डोकी आणि दहा वर्षांचा खटला होता. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिच्या आचरणास शिक्षा ठरविली. आता कोणत्याही नगरपालिकेने हात वर करून पाणी 'खुले' करण्याची गरज नाही, आणि हात वर करून ते बंद करण्याची मुभाही नाही. काही प्रश्न सभागृहाच्या मतदानाच्या पलीकडे नेऊन ठेवावे लागतात, हा धडा महाडने दिला असे मला वाटते.

सभागृहाची रचनाही बदलली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३ पासून) नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांचे प्रमाण निम्मे झाले. ज्यांच्याविषयी ठराव होतो ती माणसे आता ठराव करणाऱ्यांतही असू शकतात. १९२४ च्या मानाने हा फरक फार मोठा आहे.

तीन निष्कर्ष

आतापर्यंतच्या विवेचनावरून मला पुढील गोष्टी जाणवल्या.

पहिली, ठरावाचे क्रियापद पाहावे. 'हरकत नाही', 'तत्त्वतः मान्यता', 'विचार व्हावा' ही क्रियापदे कोणालाच कामाला लावीत नाहीत. कोणी, काय, कोणत्या पैशातून आणि केव्हापर्यंत या चार प्रश्नांची उत्तरे ज्या ठरावात नाहीत तो ठराव अपुरा समजावा.

दुसरी, ठराव आपोआप चालत नाही. चित्र्यांनी सूचना मांडून लोक उठले नसते, तर १९२४ चा ठराव दप्तराच्या कपाटातच राहिला असता आणि आज आपणांस त्याची आठवणही उरली नसती.

तिसरी, असे असूनही ठराव निरुपयोगी नाही. उठणाऱ्या लोकांना उभे राहावयास जागा लागते. महाडच्या लोकांना ती नगरपालिकेच्या ठरावाने दिली. "आम्ही नवीन काही मागत नाही, तुम्ही म्हटले तेच करतो आहोत", हे म्हणता येणे ही लहान शक्ती नव्हे.

या तिसऱ्या मुद्द्यावर माझा आणि एका वर्गमित्राचा बराच वाद झाला. त्याचे म्हणणे, "लोक उठले म्हणून काम झाले. ठराव नसता तरी ते उठलेच असते." कदाचित उठले असतेही; बाबासाहेबांचा लढा एका ठरावावर अवलंबून नव्हता हे उघड आहे. परंतु मग त्या मिरवणुकीने आधी जाऊन परवानगी मागावी असे कोणी म्हटले असते. ठरावामुळे ते म्हणण्याची सोय उरली नाही. वाद येथेच थांबला. त्याला माझे पटले असे मी म्हणणार नाही.

पुन्हा आमची गल्ली

आमच्या नळाची चवदार तळ्याशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तेथे प्रश्न माणूसपणाचा होता. येथे तो गैरसोयीचा आहे. पण अभ्यासाचा उपयोग काही व्हावयाचा असेल तर तो घरापासून व्हावा, असे मला वाटले.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करून मी त्या सभेच्या कार्यवृत्ताची नक्कल मिळविली. सभेत ज्याला "मंजूर, मंजूर" म्हटले गेले त्याची नोंद अशी निघाली : 'सदर कामास तत्त्वतः मान्यता देण्यात येत असून निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात यावी.' कोणी करावी हे नाही. केव्हापर्यंत हे नाही. कोणत्या लेखाशीर्षाखाली हे नाही. आम्ही पेढे वाटले ते या वाक्यावर! कोणी आम्हांला फसविले असेही म्हणवत नाही; आम्ही वाक्य वाचलेच नव्हते.

मी ते आईला वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच." तीन वर्षांच्या शिक्षणानंतर मला जे समजले ते तिने एका वाक्यात सांगितले.

त्यानंतर आई, शेजारच्या मावशी आणि मी असे आम्ही बसून नवा अर्ज लिहिला. त्यात मागील ठरावाचा क्रमांक व दिनांक घातला. मुख्य जलवाहिनीपासून गल्लीच्या तोंडापर्यंतचे अंतर दोरीने मोजून लिहिले. काम पाणीपुरवठा विभागाने करावे, खर्च चालू अर्थसंकल्पातील तरतुदीतून व्हावा आणि मुदत ठरवून द्यावी, असे तीन मुद्दे स्पष्ट मांडले. सह्या करताना या खेपेस मावशींनी प्रत्येक घरात अर्ज मोठ्याने वाचून दाखविला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आशय समजून घेऊन अंगठे उठविले. आमच्या प्रभागाच्या सदस्यांनी ती सूचना त्याच शब्दांत मांडण्याचे मान्य केले आहे. विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर येईल असे कळते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत ती सभा होऊन गेलेली असेल. आमची सूचना संमत झाली की फेटाळली गेली, हे आज मला सांगता येत नाही. परंतु त्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकावर आमच्या गल्लीतल्या वीस-पंचवीस बायका बसलेल्या असतील, आणि "मंजूर" असा आवाज उठला की त्यांच्यापैकी कोणीतरी विचारील, "अहो, ठराव पुरता वाचून दाखवा."

सरांना मी आता माझा सुधारलेला निष्कर्ष सांगितला आहे : ठराव हा कागदाचा तुकडा असतो खरा, पण तो कोणी वाचीत नाही तोवरच.